पिकअपचे दिवे, पाटे आणि ब्रेक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शेतमाल, दूध, किराणा आणि बांधकामाचे साहित्य वाहणाऱ्या डिझेल पिकअप गाड्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज 6 हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले आणि त्यानंतर विकल्या गेलेल्या पिकअपमध्ये, विशेषतः सायलेन्सरच्या मार्गात, बरीच नवी यंत्रणा आली. पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. डॅशबोर्डवर दिवा लागला की तो घालवायचा कसा, हे सगळे विचारतात. तो लागला का, हे फार थोडे विचारतात. गाडीतील प्रत्येक सोय ठरावीक वजन आणि ठरावीक प्रकारची धाव गृहीत धरून बसवलेली असते, त्यामुळे एका ठिकाणी केलेला बदल पुष्कळदा भलत्याच ठिकाणी त्रास देतो. खालील उत्तरांत मी जागोजागी हेच दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्न : माझी पिकअप 2021 ची आहे. रोज सकाळ-संध्याकाळ वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून जवळच्याच शीतकरण केंद्रावर पोहोचवतो. डीपीएफचा पिवळा दिवा सतत लागतो. सर्व्हिस केली की जातो आणि थोड्याच दिवसांत परत येतो. गावातील मेकॅनिक म्हणतो, सायलेन्सरमधली जाळी काढून टाकू आणि सॉफ्टवेअर बदलू, म्हणजे कायमची कटकट मिटेल. काय करावे?
— एक दूध संकलक, ता. संगमनेर

जाळी काढू नये. हे आधीच स्पष्ट सांगतो आणि मग कारणे देतो.

डीपीएफ, म्हणजे मेकॅनिक ज्याला जाळी म्हणतो तो, धुरातील काजळी अडवणारा गाळक आहे. सिरॅमिकच्या ठोकळ्यात असंख्य बारीक नळ्या असतात. एक नळी पुढून उघडी व मागून बंद, तर तिच्या शेजारची पुढून बंद व मागून उघडी, अशी त्यांची रचना असते. धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावे लागते आणि काजळी भिंतीवर राहते. ही काजळी वेळोवेळी जाळावी लागते. भरलेली गाडी हमरस्त्यावर सलग चालत असेल तर धूर पुरेसा तापतो आणि काजळी चालता चालता जळत राहते. तसे झाले नाही तर गाळकाच्या पुढच्या व मागच्या बाजूंच्या दाबातील फरकावरून गाडीच्या संगणकाला गाळक भरत आल्याचे कळते. मग तो जादा डिझेल उशिरा फवारून गाळकातील तापमान साधारण 550 ते 600 अंश सेल्सिअसपर्यंत नेतो. यालाच रिजनरेशन म्हणतात आणि त्याला सलग पंधरा-वीस मिनिटांची धाव लागते.

आता आपली फेरी पाहा. थंड इंजिन, दोन फर्लांगावर एक थांबा, प्रत्येक ठिकाणी कॅन चढवेपर्यंत इंजिन आयडलवर, आणि केंद्रावर पोहोचताच चावी बंद. संगणक रिजनरेशन सुरू करतो आणि ते दर वेळी अर्धवट राहते. गाडीत बिघाड नसतानाही या पद्धतीच्या वापरात दिवा लागणारच. त्यामुळे उपायही वापराच्या पद्धतीतच आहे. आठवड्यातून एकदा तरी दूध पोहोचवल्यावर इंजिन गरम असतानाच गाडी पुणे-नाशिक महामार्गावर काढावी आणि एक गिअर खाली ठेवून, इंजिनचे फेरे दोन हजारांच्या आसपास राहतील अशी अर्धा तास सलग चालवावी. दिवा लागलेला असेल तर तो जाईपर्यंत चालवावी. त्या दरम्यान आयडलचे फेरे थोडे वाढणे, पंखा जोरात फिरणे, तापल्याचा वास येणे ही रिजनरेशन चालू असल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी चावी बंद करू नये. तसेच गाडी कडब्याच्या गंजीजवळ, वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नये, कारण सायलेन्सर या काळात आग लावण्याइतका तापलेला असतो. ही सूचना मॅन्युअलमध्ये असते, पण खळ्यावर गाडी लावताना ती कुणाच्या लक्षात राहत नाही.

दिवा लुकलुकू लागला, जोडीला इंजिनचा दिवा लागला किंवा गाडीची ताकद एकदम कमी झाली, तर मात्र रस्त्यावर रेटू नये. गाळक फार भरल्यावर संगणक स्वतःहून रिजनरेशन करत नाही. कार्यशाळेत स्कॅनर जोडून ते करवून घ्यावे लागते. आठवड्याची धाव नियमित देऊनही दिवा परत येत असेल, तर काजळी जास्त का तयार होते याचा शोध घ्यायला हवा : ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) चिकटलेला आहे का, एखादा इंजेक्टर ठिबकतो आहे का, टर्बोकडून (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याकडून) येणारा रबरी पाइप फाटून हवा निसटते आहे का. मेकॅनिकला हे तीन प्रश्न विचारावेत.

जाळी काढण्याविषयी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही आणि गाडीचा उत्सर्जनाचा निकष त्या प्रमाणपत्रावर नोंदलेला असतो. म्हणजे पासिंगच्या वेळी आणि विक्रीच्या वेळी अडचण ठरलेली. शिवाय जाळी काढल्याने वर सांगितलेल्या तीन दोषांपैकी एकही दुरुस्त होत नाही, फक्त तो दिसेनासा होतो. आणि दूध घालायला बायका-मुले ज्या ओट्यावर उभी असतात, तिथेच आपली गाडी आयडलवर उभी असते. काजळीचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. त्या ओट्यासाठी तरी गाळक जागेवर असावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : इंजिन ऑइल कमी होणे समजू शकतो. माझ्या पिकअपमध्ये मात्र डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढत चाललेली दिसते. कुणी वरून ऑइल घातलेले नाही. हे शक्य आहे का?
— एक किराणा वितरक, बारामती

शक्य आहे, आणि वरच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. रिजनरेशनसाठी उशिरा फवारलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली चेंबरमध्ये ऑइलात मिसळतो. रिजनरेशन पूर्ण झाले तर ही भेसळ थोडी असते. ते वारंवार अर्धवट राहिले तर वाढत जाते. डिपस्टिकवरचा थेंब दोन बोटांत चोळून पाहावा. तो नेहमीपेक्षा पातळ लागला आणि डिझेलचा वास आला, तर पातळी मोजत बसू नये, ऑइल व फिल्टर लगेच बदलावेत. पातळ झालेले ऑइल बेअरिंग आणि टर्बोचे रक्षण करू शकत नाही. पातळी वरच्या खुणेच्या खूप वर गेली तर ऑइल हवेच्या मार्गाने इंजिनात ओढले जाऊन इंजिन चावी बंद करूनही धावत सुटण्याचा धोका असतो. ऑइल दुधाळ दिसले तर मात्र त्यात कूलंट मिसळले आहे असे समजावे. तो वेगळा आणि अधिक गंभीर आजार आहे.

पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी पाहावी. नवे ऑइल कमी राखेचेच घ्यावे. डब्यावर सीके-4 किंवा एसीईए सी3 यांपैकी मॅन्युअलमध्ये सांगितलेली खूण आहे ना, हे स्वतः वाचून पाहावे. काजळी जळून जाते, पण ऑइलातील रसायनांची राख जळत नाही, ती गाळकात कायमची साठते. जुन्या गाडीचे उरलेले ऑइल या गाडीत घालणे म्हणूनच महागात पडते.

प्रश्न : माझ्या गाडीत डीईएफची वेगळी टाकी आहे. हे द्रावण युरियाचेच असते असे समजले. घरी युरियाच्या गोण्या आहेत, आरओचे पाणीही आहे. प्रमाण ठाऊक असेल तर घरीच बनवता येणार नाही का?
— एक ऊस उत्पादक, ता. पंढरपूर

प्रमाण सांगतो, म्हणजे काही गुपित राहणार नाही : वजनाने 32.5 टक्के युरिया आणि उरलेले क्षारमुक्त पाणी. तरीही घरी बनवू नये.

अडचण प्रमाणाची नसून शुद्धतेची आहे. शेतीसाठी मिळणारा युरिया 2015 पासून पूर्णपणे कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो. हे तेल पिकासाठी उपयुक्त आहे, पण डीईएफच्या बारीक फवारणी नळीसाठी आणि पुढच्या उत्प्रेरकासाठी घातक आहे. खतातील युरियात बाययुरेट नावाचे द्रव्य एक टक्क्याच्या पुढेही असू शकते. डीईएफमध्ये ते 0.3 टक्क्यांच्या वर चालत नाही. सोडियम, कॅल्शियम, फॉस्फेट आणि धातूंच्या मर्यादा तर त्याहून कितीतरी कडक आहेत आणि घरगुती आरओचे पाणी त्या मर्यादेत बसत नाही. डीईएफ गरम धुरात फवारले की त्याचा अमोनिया होतो आणि तो नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचे साधा नायट्रोजन व पाणी यांत रूपांतर करतो. ही क्रिया ज्या उत्प्रेरकावर होते, तो एकदा क्षार आणि धातूंनी निकामी झाला की धुऊन परत येत नाही. त्याशिवाय अनुदानाचा युरिया शेतीखेरीज इतर कामासाठी वापरणे हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे.

डीईएफ विकत घेताना कॅनवर आयएसओ 22241 ही खूण आणि उत्पादनाची तारीख पाहावी. कॅन सावलीत ठेवावा. उन्हात तापणाऱ्या केबिनमध्ये तो महिनोन्‌महिने पडू देऊ नये, कारण उष्णतेने द्रावण खराब होते. डिझेल ओतायचे नरसाळे डीईएफसाठी कधीही वापरू नये. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत किंवा डिझेल डीईएफच्या टाकीत गेले, तर चावीला हात लावू नये. गाडी ओढत नेऊन टाकी रिकामी करणे हाच त्यावरचा स्वस्त उपाय आहे. टाकीच्या तोंडाशी पांढरे खडे दिसतात, ते सुकलेल्या युरियाचे असतात. स्वच्छ पाण्याने ओल्या केलेल्या कापडाने पुसले की जातात.

प्रश्न : कांद्याच्या हंगामात गाडी मागून फार बसते म्हणून मागच्या दोन्ही कमानींत एकेक पाटा वाढवून घेतला. आता गाडी बसत नाही, पण ब्रेक पूर्वीसारखे लागत नाहीत. पुढचे पॅड नवे टाकले, ब्रेक ऑइल बदलले, हवा काढली. फरक नाही. पाट्यांचा आणि ब्रेकचा काय संबंध?
— एक कांदा उत्पादक, ता. निफाड

या अंकातील सर्वांत महत्त्वाचे पत्र मला हेच वाटते, कारण ही चूक अनेक गाड्यांत आहे आणि बऱ्याच गॅरेजांत ती ओळखली जात नाही.

आपल्या पिकअपच्या मागच्या बाजूला खाली वाकून पाहावे. चासीला एक लहान धातूचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि त्यातून निघालेली एक सळई किंवा स्प्रिंग मागच्या अॅक्सलला जोडलेली असते. त्याला एलएसपीव्ही म्हणतात. हौदा रिकामा असतो तेव्हा मागच्या चाकांवर भार थोडा असतो, आणि त्या चाकांना ब्रेकचा पूर्ण दाब मिळाला तर ती लॉक होऊन गाडी मागून घसरते. म्हणून हा व्हॉल्व्ह रिकाम्या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. माल भरला की चासी खाली येते, चासी आणि अॅक्सल यांतले अंतर घटते, सळई वळते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला अधिक दाब सोडतो. थोडक्यात, गाडी किती बसली यावरून तो माल किती भरला हे ठरवतो.

आपण पाटा वाढवला. आता दीड टन कांदा भरला तरी गाडी पूर्वीइतकी बसत नाही. त्यामुळे व्हॉल्व्हच्या लेखी गाडी अर्धी रिकामीच आहे आणि तो मागच्या ब्रेकला दाब मोजूनमापून सोडतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि पुढचे पॅड लवकर झिजतात. पॅड बदलून, हवा काढून फरक पडणार नाही, कारण दोष तिथे नाहीच.

यावर काही मेकॅनिक सळई तारेने वर बांधून टाकतात, म्हणजे मागच्या ब्रेकला कायम पूर्ण दाब मिळतो. हे त्याहून वाईट. माल उतरवून रिकाम्या गाडीने पावसात परतताना पाय जोरात पडला की मागची चाके लॉक होतात आणि गाडी आडवी फिरते. लासलगाव, पिंपळगावहून परतणाऱ्या गाड्या रिकाम्याच असतात, हे ध्यानात घ्यावे.

योग्य मार्ग असा. शक्य असेल तर मूळ पाटे परत बसवावेत. पाटे थकून सरळ झाले असतील तर कंपनीच्या मापाचा नवा संच टाकावा. काही कारणाने बदल ठेवावाच लागला, तर कार्यशाळेत दाबमापक लावून, रिकाम्या व भरलेल्या दोन्ही स्थितींत मागच्या ब्रेकचा दाब तपासून, एलएसपीव्हीची सळई नव्याने जुळवून घ्यावी. हे काम अंदाजाने पान्हा फिरवून करण्याचे नाही. सर्व्हिसच्या वेळी त्या सळईचे रबरी बुश शाबूत आहेत का, चिखल साचून ती अडकली आहे का, एवढे पाहायला सांगितले तरी पुष्कळ काम होते.

आता मूळ प्रश्न : गाडी फार बसत होती, म्हणजे बहुधा वजनच जास्त होते. बाजार समितीच्या भुईकाट्यावर भरलेल्या गाडीचे वजन होतेच. त्या पावतीवरचा आकडा आपल्या नोंदणी प्रमाणपत्रातील भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाशी एकदा ताडून पाहावा. क्षमतेपेक्षा जास्त वजनासाठी कलम 194 मध्ये 20,000 रुपये दंड आणि जादा वजनाच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये अशी तरतूद आहे. दंडापेक्षाही मोठी गोष्ट ही की पाटा वाढवल्याने फक्त पाट्याची ताकद वाढते. अॅक्सल, बेअरिंग, टायर, क्लच आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात. कांद्याला भाव नसतो तेव्हा एका खेपेत जास्त माल नेण्याची निकड काय असते, हे मला ठाऊक आहे. तरीही दोन खेपांचे डिझेल एका अपघातापेक्षा स्वस्तच पडते.

प्रश्न : कराडहून भाजीपाला घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला जातो. उतारावर न्यूट्रल टाकल्याने डिझेल वाचते असे सोबतचे चालक सांगतात. काही जण चावीच बंद करतात. खरोखर बचत होते का? घाट चढून आल्यावर टर्बोसाठी इंजिन थोडा वेळ चालू ठेवावे, हे कितपत खरे?
— एक चालक, कराड

न्यूट्रलने डिझेल वाचत नाही. आताच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि चाके इंजिनला फिरवू लागली, की संगणक इंजेक्टरांचा पुरवठा पूर्ण बंद करतो. त्या वेळी डिझेल अजिबात जळत नाही. न्यूट्रल टाकताच इंजिनला आयडलवर स्वतः चालावे लागते आणि त्यासाठी डिझेल लागते. म्हणजे बचत करायला जाऊन खर्च होतो आणि इंजिनची ओढही हातची जाते.

चावी बंद करणे तर प्राणावर बेतणारे आहे. डिझेल गाडीत ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनवर चालणाऱ्या पंपाकडून मिळतो. इंजिन बंद झाले की साठलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक दोन-तीनदा लागतो आणि मग पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. चावी पूर्ण काढली गेली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. कुंभार्लीच्या वळणांवर यातली एकही गोष्ट परवडणारी नाही.

ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी तो उतार चढू शकेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा, कारण मध्यावर वेग वाढल्यावर तो पडेलच असे नाही. ब्रेक सतत दाबून धरू नये. वेग वाढला की एकदा नीट दाबून कमी करावा आणि पाय उचलावा, म्हणजे लायनरला निवण्यास अवधी मिळतो. जळकट वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागले तर सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि ड्रम आपोआप निवू द्यावेत. त्यावर पाणी ओतल्यास ते तडकतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि मग कमी तापमानाला उकळते. म्हणून घाटात नियमित जाणाऱ्या गाडीत ते निदान दोन वर्षांनी बदलावेच.

टर्बोविषयीचा सल्ला बरोबर आहे. भरलेली गाडी घाटमाथ्यावर येते तेव्हा टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत असतो आणि त्याचे बेअरिंग इंजिनच्या ऑइलवर तरंगत असते. तिथेच चावी बंद केली तर ऑइलचा पुरवठा थांबतो आणि उरलेले ऑइल त्या उष्णतेने जळून घट्ट बसते. चहाला थांबण्यापूर्वी एक-दोन मिनिटे आयडलवर ठेवावे. सपाट रस्त्यावर सावकाश येऊन थांबला असाल तर याची गरज नाही.

प्रश्न : सकाळी चावी लावल्यावर स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. तो जाईपर्यंत थांबलेच पाहिजे का?
— एक वाचक, लातूर

हा ग्लो प्लगचा, म्हणजे इंजिन सुरू होण्यापूर्वी सिलिंडर आतून तापवणाऱ्या भागाचा, दिवा आहे. लातूरच्या उन्हाळ्यात तो क्षणात जातो, डिसेंबरच्या पहाटे थोडा वेळ घेतो. थांबावे. तेवढ्या वेळात डिझेलच्या पंपाचा दाबही तयार होतो. गाडी चालू असताना हाच दिवा लुकलुकत असेल, तर बऱ्याच गाड्यांत ती इंजिनच्या यंत्रणेतील दोषाची सूचना असते. मग स्कॅनर लावून घ्यावा.

प्रश्न : आंब्याचा हंगाम संपला की माझी पिकअप पावसाळाभर जवळजवळ उभीच असते. बागेतील फवारणी पंपासाठी पिंपात साठवलेले डिझेल अधूनमधून गाडीतही घालतो. गेल्या पावसाळ्यानंतर फिल्टरमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला आणि दोन इंजेक्टर बदलावे लागले. पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे?
— एक आंबा बागायतदार, देवगड

कॉमन रेल यंत्रणेत डिझेल दीड हजार बारहून अधिक दाबाने इंजेक्टरात जाते आणि त्यातल्या सुट्या भागांमधले अंतर मायक्रॉनमध्ये मोजावे लागते. या भागांना वंगण डिझेलच पुरवते. पाण्याला तो गुण नाही, उलट ते गंज चढवते. तुमच्या पिंपात कोकणच्या दमट हवेतील बाष्प रोज थोडे थोडे उतरते आणि तळाशी पाण्याचा थर साठतो. पिंपातील डिझेल गाडीत घालणे पूर्णपणे बंद करावे, हा पहिला आणि खरा उपाय. पावसाळ्यात गाडी उभी करताना टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आत ओलसर हवेला जागा राहत नाही. झाकणाचे रबरही तपासावे.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढण्याचा स्क्रू असतो. तो महिन्यातून एकदा, आणि दिवा लागला तर त्याच ठिकाणी थांबून, सोडावा. चावी बंद करावी, स्क्रूखाली पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली धरावी आणि स्क्रू हाताने सैल करावा. बाटलीत जे येते ते क्षणभर स्थिर होऊ दिले की खाली पाणी, वर डिझेल आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते. कधी कधी तांबूस गंजाचा गाळही दिसतो. तसा तो दिसला तर टाकीच उतरवून स्वच्छ करावी लागेल. निव्वळ डिझेल येऊ लागले की स्क्रू हातानेच घट्ट करावा, पान्ह्याने आवळल्यास त्याचे आटे जातात. फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबावा आणि मगच स्टार्टर मारावा.

उभ्या गाडीसाठी आणखी एक सूचना. ती दर पंधरवड्याला अंगणातच पाच मिनिटे सुरू करून बंद करण्यापेक्षा महिन्यातून एकदा रस्त्यावर अर्धा तास चालवलेली बरी. अंगणातल्या पाच मिनिटांत इंजिन गरम होत नाही, गाळकात काजळी मात्र साठते. हँडब्रेक ओढून महिनाभर ठेवला तर दमट हवेत लायनर ड्रमला चिकटतात, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ओंडके लावावेत.

प्रश्न : फोर व्हील ड्राइव्ह पिकअप घेतली आहे. काजूच्या बागेत जाणारा रस्ता पावसात निसरडा होतो. सुरक्षितता म्हणून पावसाळाभर गाडी 4एच मध्येच (चारही चाकांना ओढ) ठेवतो. डांबरी रस्त्यावर वळताना मात्र गाडी अडल्यासारखी वाटते आणि लीव्हर 2एच मध्ये (फक्त मागच्या चाकांना ओढ) परत यायला त्रास देतो. हा दोष आहे का?
— एक काजू उत्पादक, ता. चंदगड

दोष नाही, वापर बदलायला हवा. आपल्या प्रकारच्या गाडीत 4एच टाकले की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि सारख्याच वेगाने फिरतात. वळणावर मात्र पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाट कापतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. डांबरावर त्यांना घसरता येत नाही, म्हणून तो ताण पीळ होऊन ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या चाकांना ओढ वाटणारी पेटी) आणि शाफ्टमध्ये साठतो. लीव्हर अडतो तो याच पिळामुळे. जबरदस्तीने ओढू नये. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की पीळ सुटतो आणि लीव्हर सहज येतो.

डांबर ओले असले तरी 2एच मध्येच चालवावी. बागेच्या कच्च्या रस्त्यावर चिखल सुरू होण्याआधी 4एच टाकावा, चाक रुतल्यावर टाकून त्याचा निम्मा उपयोग होतो. 4एल हा फार कमी वेगाचा आणि फार जास्त ओढीचा गिअर आहे. तो गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, मुख्य गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून टाकावा. भरलेली गाडी तीव्र कच्च्या उतारावरून खाली आणताना त्याचा सर्वाधिक उपयोग होतो, आणि हे अनेकांना माहीत नसते : 4एलच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी इतकी धरून ठेवते की ब्रेकला क्वचितच पाय लावावा लागतो. निसरड्या मातीत ब्रेकने चाक लॉक होण्याचा धोका त्यामुळे टळतो.

चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे ठेवावेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असे टायर असतील, तर सरळ रस्त्यावरही पीळ साठतो. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर 4एच मध्ये चालवावी, म्हणजे पुढच्या भागात ऑइल पसरते आणि गिअर टाकणारी यंत्रणा गंजून बसत नाही. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर पुढील सर्व्हिसची वाट न पाहता पुढच्या व मागच्या डिफरन्शिअलचे ऑइल तपासावे. त्याचा रंग दुधाळ झाला असेल तर पाणी शिरले आहे. ते बदलून, प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांना ग्रीस भरून मगच गाडी मालाला लावावी.